तीन मिनिटांचं नाटक

गेल्या महिन्यात कॅनडाहून नातीचा फोन आला. तिकडे तिच्या एका मैत्रिणीच्या घरी ऑपेराच्या डीव्हीडींनी भरलेलं कपाट आहे म्हणे. एकाच ऑपेराच्या सहा-सहा, सात-सात डीव्हीडी! कुठली कुठल्या सालची, नायिका कोण, वाद्यवृंद कुणाचा, कॅमेरा नीट फिरवलाय की नाही, यावर त्या घरात जेवताना वाद होतात. नातीला मोठी गंमत वाटली. मला म्हणाली, "आजी, आपलं संगीत नाटक म्हणजे आपला ऑपेराच ना? मग कुठलं नाटक कुणाचं बघू ते सांग. चांगल्यातलं चांगलं. लिंक पाठव."

मी म्हटलं, पाठवते की! त्यात काय मोठंसं. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, घरात नाटकाचं वेड, एवढं तर यायलाच हवं. वही घेऊन बसले. डाव्या रकान्यात नाटकांची नावं लिहिली. शाकुंतल, सौभद्र, मृच्छकटिक, शारदा, मानापमान, स्वयंवर, एकच प्याला, कुलवधू, मंदारमाला, कट्यार. उजव्या रकान्याला मथळा दिला, 'कुणाचं, कधीचं, कुठे मिळेल'.

डावा रकाना दोन मिनिटांत भरला. उजवा आठवडाभर रिकामा होता.

पदं म्हणाल तर ढिगानं आहेत. एकेका पदाच्या दहा-वीस आवृत्त्या कुणीही शोधून देईल. पण अख्खं नाटक? पडदा उघडल्यापासून भरतवाक्यापर्यंत, मधल्या गद्यासकट, विनोदासकट, नटांच्या येण्याजाण्यासकट? तिथे हात आखडतो. असं का झालं, याचा विचार करता करता यादी बाजूला राहिली आणि हा लेख झाला. मंडळी, थोडा लांबला आहे. चहा घेऊन बसा.

आधी नातीच्या प्रश्नाचं उत्तर देते. संगीत नाटक म्हणजे ऑपेरा का? हो आणि नाही. बहुतेक ऑपेरांत सगळंच गातात. "दार उघड" हेसुद्धा गाऊनच सांगायचं. आपल्याकडे गद्य बोलता बोलता भावना दाटली की पद येतं, आणि पद संपलं की पुन्हा बोलणं. पण नातीनं त्या कपाटातला पहिला पाहिला तो मोझार्टचा 'मॅजिक फ्लूट'. तो १७९१ सालचा, आणि तो आपल्यासारखाच आहे! त्यात मधेमधे चक्क बोलतात. जर्मन लोक त्या प्रकाराला झिंगश्पील म्हणतात. शब्दशः अर्थ पाहिला तर 'गाण्याचं नाटक'. म्हणजे नातीनं सख्खा ऑपेरा नाही तरी आपला चुलत भाऊ नेमका गाठला होता.

आपल्या प्रकाराची जन्मतारीखसुद्धा पक्की आहे. ३१ ऑक्टोबर १८८०, पुणे, आनंदोद्भव नाटकगृह. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चे पहिले चार अंक त्या दिवशी झाले. त्याआधी विष्णुदास भाव्यांच्या वळणाच्या नाटकात गाणं असे, पण ते मुख्यतः सूत्रधारानं गायचं. पात्रं हावभाव करणार आणि सूत्रधार मागे गाणार. अण्णासाहेबांनी पारशी मंडळींचं 'इंद्रसभा' पाहिलं आणि त्यांना वाटलं, आपल्या भाषेत असं का नको? त्यांनी शकुंतलेचं पद शकुंतलेच्या तोंडी दिलं. ऐकायला साधी गोष्ट वाटते, पण तिथेच सगळं बदललं.

'शाकुंतला'त पदं किती? दोनशेच्या वर. १८८२ मध्ये आलेल्या 'सौभद्रा'त शंभराच्या वर. आजच्या माणसाला वाटेल की रात्रभर नुसतं गाणंच चाललं असेल. तसं नव्हतं. साकी, दिंडी, कामदा, ओवीच्या वळणाची ही पदं दोन-चार ओळींत संपायची. नारद अर्जुनाला बातमी सांगतो ती पदात, अर्जुन विचारतो ते गद्यात, उत्तर पुन्हा साकीत. स्वयंपाकघरात आई बोलता बोलता एखादी ओवी गुणगुणते आणि परत बोलायला लागते ना, तसं. पद संवादातून वेगळं काढता येत नव्हतं. काढलं तर दोघंही लंगडे.

ही खूणगाठ बांधून ठेवा. पुढे जे घडलं ते हे वेगळं काढण्यामुळेच.

* * *

किर्लोस्कर मंडळीत 'सौभद्रा'तली सुभद्रा करायचे भाऊराव कोल्हटकर. लोक त्यांना प्रेमानं भावड्या म्हणत. त्यांचा आवाज ऐकलेल्या माणसांनी त्यावर पानंच्या पानं लिहून ठेवली आहेत. पण तो आवाज कसा होता हे तुम्हांआम्हांला कधीच कळणार नाही. भाऊराव १९०१ साली गेले. आणि ग्रामोफोन कंपनीचा माणूस आवाज मुद्रित करायची यंत्रं घेऊन कलकत्त्याला उतरला १९०२ साली. गौहर जाननं गायलेल्या रेकॉर्ड त्याच वेळच्या. एका वर्षानं चुकामूक झाली! इतिहास शिकवताना मी मुलांना पुष्कळ सनावळ्या पाठ करायला लावल्या. या दोन सालांतलं अंतर मात्र अजूनही मनाला लागतं.

त्यानंतर ज्यांचे आवाज सापडले ते सापडले ते तीन-सव्वातीन मिनिटांत. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. सुरुवातीला तर समोर मायक्रोफोनसुद्धा नव्हता. एका भोंग्यात तोंड घालून जोरात गायचं आणि तीन मिनिटं होत आली की थांबायचं. गायक रंगात आलेला असो वा नसो, तबकडीला त्याचं काय?

आणि त्याच सुमाराला नाटकातलं गाणं मात्र उलट्या दिशेनं, लांबीकडे निघालं होतं. १९११ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'मानापमान' आलं. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. १९१६ साली 'स्वयंवर' आलं. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. पदांची संख्या कमी झाली आणि एकेक पद मोठं झालं, रागदारीचं झालं. बालगंधर्व पद गायला लागले की 'वन्स मोअर' मागून 'वन्स मोअर'. पुढे त्यांच्या साथीला तबल्यावर थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष आले. एकेक पद अर्धा अर्धा तास चालायचं असं आमचे बाबा सांगत.

बाबांनी त्यांना तिसेक सालाच्या पुढेमागे मुंबईत पाहिलं होतं, 'एकच प्याल्या'त. आमच्याकडे ग्रामोफोन नव्हता. शेजारच्या वाड्यात होता. कुत्र्याचं चित्र असलेली लाल-काळी तबकडी फिरायला लागली की आम्ही मुलं ओट्यावर जाऊन बसत असू. बाबा मात्र कधी यायचे नाहीत. मी एकदा विचारलं, "बाबा, तुम्हांला बालगंधर्व एवढे आवडतात, मग तुम्ही का येत नाही?" ते म्हणाले, "बाळ, ते लोणचं आहे. मी पंगतीत जेवलोय."

तेव्हा कळलं नाही. आता कळतं. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं १९१९ साली, राम गणेश गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरात. त्यातली पदं तर गडकऱ्यांची नव्हेतच, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांची. गडकऱ्यांचं जे आहे ते गद्य. आणि बाबा आठवण काढायचे ती पदांची नव्हे. सिंधू नवऱ्याशी बोलते ते कसं बोलायचे, जात्यावर बसल्यावर पदर कसा सावरायचे, तळीराम आला की प्रेक्षकांत कशी चुळबूळ व्हायची, हे सांगायचे. यातलं तबकडीवर काय आलं? काही नाही. तीन मिनिटांत जे मावलं ते पुढच्या पिढ्यांपर्यंत आलं आणि त्यालाच आपण 'नाट्यसंगीत' म्हणायला लागलो. नाट्य गळलं, संगीत उरलं. आपल्याकडे आज नाट्यसंगीताच्या मैफली होतात, स्पर्धा होतात, त्यात मुलं फार सुंदर गातात. त्यांतल्या एकाला मी विचारलं होतं, "हे पद कोण कुणाला म्हणतं?" बिचारा गप्प झाला. दोष त्याचा नाही. त्याच्यापर्यंत पदच तेवढं पोचलं.

आणखी एक चुकामूक सांगते. ८ जुलै १९२१ या दिवशी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोन वेगळ्या मंडळ्यांचे दोन नायक एका रंगमंचावर, टिळक स्वराज्य फंडासाठी. मराठी रंगभूमीचा सगळ्यांत गाजलेला प्रयोग कुठला, असं विचारलं तर जुने लोक याचंच नाव घेत. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले. नातीच्या मैत्रिणीच्या कपाटात ज्या प्रयोगाची डीव्हीडी सगळ्यांत वर असायला हवी, त्याचा एक स्वरही शिल्लक नाही.

बरं, सिनेमा आला तेव्हा तरी नाटक जपलं गेलं का? सिनेमानं आधी नाटक कंपन्यांचं कंबरडं मोडलं. १९३१ ला 'आलम आरा', १९३२ ला 'अयोध्येचा राजा', आणि पाचसहा वर्षांत कंपन्यांचे तंबू उठायला लागले. बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'त (१९३५) दिसतात, पण संत एकनाथांच्या भूमिकेत, म्हणजे पुरुषवेषात. ज्या स्त्रीभूमिकांसाठी बायका त्यांच्या नऊवारीची आणि अंबाड्याची नक्कल करत, त्यांतल्या भामिनीला आणि रुक्मिणीला आपण ओळखतो ते छायाचित्रांतून.

* * *

माझ्या स्वतःच्या वाट्याला आला तो दुसरा बहर. साठचं दशक. १९६० ला विद्याधर गोखल्यांचं 'पंडितराज जगन्नाथ', १९६३ ला 'मंदारमाला', १९६४ ला कानेटकरांचं 'मत्स्यगंधा', आणि २४ डिसेंबर १९६७ ला 'कट्यार काळजात घुसली'.

'कट्यार' मी पाहिलं १९६९ च्या हिवाळ्यात, दादरच्या शिवाजी मंदिरात. दादाबरोबर. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, एका यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहायचा. भिवंडीहून एसटीनं कल्याण आणि तिथून लोकल. परतताना शेवटची एसटी चुकली आणि रात्र कल्याण स्टेशनच्या बाकावर काढली. घरी काय बोलणी खाल्ली असतील ती कल्पना करा. पण खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे पाहिले. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांच्या चाली.

त्या नाटकात एकच पद दोन घराण्यांच्या दोन चालींत येतं. एक पंडितजींच्या शांत वळणाचं, दुसरं खाँसाहेबांचं, ताना घेत अंगावर येणारं. रेकॉर्डवर दोन्ही ऐकायला मिळतात आणि ऐकणारा म्हणतो, "वा, दोन्ही छान!" नाटकात तसं म्हणता येत नाही. एक चाल जिंकल्यामुळे दुसऱ्या माणसाचं घर उठलंय हे डोळ्यांसमोर घडलेलं असतं. त्या रात्री वसंतरावांच्या तानेला टाळ्या वाजवताना मला थोडी लाज वाटली होती. आपण चुकीच्या माणसाला टाळ्या देतोय की काय! ही जी लाज आहे ना, ते नाटक. रेकॉर्डवर ती नाही.

पुढे १९७० च्या मे महिन्यात आमच्या गावात दंगल झाली. त्यानंतर बरेच दिवस रात्रीचं गावाबाहेर जाणं बंदच होतं. नाटक मग आमच्याकडे आलं ते आकाशवाणीवरून आणि दूरचित्रवाणीवरून. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आमच्या आळीत एका कारखानदाराकडे टीव्ही आला आणि त्यांच्या दिवाणखान्यात पन्नास माणसं मावायला लागली. नाटकं दिसायची, पण स्टुडिओतली. पुढे व्हिडिओ कॅसेट आली, व्हीसीडी आली, डीव्हीडी आली, आता मोबाइलवर सगळं. पडद्याचा आकार बदलत गेला, अडचणी त्याच राहिल्या.

त्या अडचणी सांगते, म्हणजे तुलना कशी करायची तेही कळेल.

पहिली अडचण चेहऱ्याची. गाणारा गायला लागला की कॅमेरा त्याच्या तोंडावर जाऊन बसतो. आपल्याला पडजीभ दिसते! रंगमंचावर रुक्मिणी गाते तेव्हा आपण निम्मा वेळ कृष्णाकडे बघत असतो. ऐकणारा कसा ऐकतो त्यावर पदाचा अर्थ ठरतो. ज्या चित्रणात ऐकणारं पात्र दिसतं ते चांगलं, असं मी खुशाल धरते.

दुसरी अडचण प्रेक्षकांची. स्टुडिओत 'वन्स मोअर' नाही. मला मान्य आहे, 'वन्स मोअर'नं नाटकाचा विचका व्हायचा. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, ती रडतेय ना, मग पुन्हा कशी रडणार?" प्रश्न बिनतोड होता. तरी सांगते, दाद देणारं कुणी नसेल तर नट पद नुसतं म्हणून टाकतो. समोर माणसं असली की तो ते त्यांना देतो. बर्गमन या स्वीडिश दिग्दर्शकानं १९७५ साली त्याच 'मॅजिक फ्लूट'चा चित्रपट केला. नातीनं आग्रहानं दाखवला. सुरुवातीचं वाद्यसंगीत वाजतं तेवढा वेळ तो फक्त प्रेक्षकांचे चेहरे दाखवतो. म्हातारे, तरुण, एक लहान मुलगी. मी नातीला म्हटलं, या माणसाला नाटक कळलंय.

तिसरी अडचण कात्रीची. चार-पाच तासांचं नाटक अडीच तासांत बसवायचं तर काय कापणार? पद कापलं तर लोक ओरडतील. म्हणून गद्य कापतात. पुन्हा तेच! तबकडीनं जे केलं तेच कात्रीनं केलं.

या सगळ्यातून ज्यांनी नाटक अख्खं धरून ठेवलं त्यांचे उपकार मोठे आहेत. पुण्याची 'मराठी रंगभूमी' ही शिलेदारांची संस्था १९४९ पासूनची. जयराम आणि जयमाला शिलेदार, मग कीर्ती आणि लता या मुली. इतर लोक पदं निवडून मैफली करत होते तेव्हा या घरानं 'सौभद्र', 'स्वयंवर', 'मानापमान' प्रयोग म्हणून चालू ठेवले. जयमालाबाई २०१३ ला गेल्या, कीर्तीताई २०२२ ला. दुसरे 'ललितकलादर्श'चे भालचंद्र पेंढारकर. केशवराव भोसल्यांनी १९०८ ला काढलेली संस्था त्यांनी आपल्या हयातीत चालवली. आणि गिरगावच्या साहित्य संघात बसून नाटकांचं ध्वनिमुद्रण करून ठेवलं. चित्र नाही, नुसता आवाज, पण गद्यासकट. ज्याला स्वतःला टाळ्या मिळत होत्या त्या नटानं दुसऱ्यांचे आवाज जपत बसावं, याला मन मोठं लागतं. २०१५ ला तेही गेले.

* * *

आता जे सांगायला जड जातं ते सांगते.

१९८१ च्या गणेशोत्सवात आमच्या आळीतल्या हौशी मंडळींनी 'सौभद्र' केलं. दादा नारद. कुणीतरी टेपरेकॉर्डर आणला होता. सेलवर चालणारा, कारण विंगेत प्लग नव्हता. तो ऑर्गनच्या शेजारी खुर्चीवर ठेवला. कॅसेट एकच होती, नव्वद मिनिटांची. पहिल्या अंकाला एक बाजू, आणि दुसरी बाजू पुढच्या एका अंकाला. नारदाचं मुख्य काम पहिल्या अंकात. ते झालं की दादा तंबोरी ठेवून, त्याच वेषात, विंगेत प्रॉम्प्टर म्हणून उभा राहिला.

ती कॅसेट माझ्याकडे होती. १९८७ साली शाळेच्या काव्यवाचन स्पर्धेसाठी मुलांचा सराव घ्यायचा होता. रात्री कोरी कॅसेट हवी होती. खणात एक मिळाली, तिच्यावरची चिठ्ठी निघून गेलेली. घातली आणि कविता वाचून काढल्या. पंचेचाळीस मिनिटं. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक पट्ट्या असायच्या, आठवतात? त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नसे. मला हे ठाऊक होतं. मी त्या मोडल्या नव्हत्या.

दादाला सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "पुढच्या वर्षी पुन्हा करू की सौभद्र." नाही झालं. १९९४ ला दादा गेला.

गेल्या वर्षी भाच्यानं ती कॅसेट संगणकावर उतरवून दिली. पहिल्या बाजूला माझा आवाज, तरणाताठा, शुद्ध उच्चारात कविता वाचणारा. तो मला पाच मिनिटंसुद्धा ऐकवत नाही. दुसऱ्या बाजूला नाटक. मुद्रण म्हणाल तर भयंकर. ऑर्गन कानठळ्या बसवतो, नट लांबून बोलतात, एक मूल रडतं, कुणीतरी चहाचे पेले मोजतं. आणि या सगळ्याच्या खाली सतत एक खडखड. मला वाटलं टेप खराब आहे. मग लक्षात आलं, ते माग आहेत. आळीच्या मागच्या कारखान्यातली रात्रपाळी. भिवंडीकराला तो आवाज ऐकूच येत नाही, टेपला आला.

विसाव्या मिनिटाला वीज जाते. कॅसेटवर ती गेलेली ऐकू येते, कारण माग थांबतात. एकदम शांतता. प्रेक्षकांत "अरे अरे", कुणीतरी गॅसबत्ती आणायला ओरडतं. कृष्णाचं काम करणारा गडबडतो, पुढचं वाक्य विसरतो. आणि विंगेतून, टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळून, दादा कुजबुजत ते वाक्य देतो. कृष्ण उचलतो. पुढे पद आहे. ऑर्गनवाल्याला पट्ट्या दिसत नाहीत, तर दादाच हळूच षड्ज लावून देतो. अंधारात, बिनसाथीचं, बिनमागाचं ते पद पूर्ण होतं आणि सबंध आळी टाळ्या वाजवते.

दादाचा एवढाच आवाज माझ्याकडे आहे. त्याचं स्वतःचं पद एकही नाही. दुसऱ्यांना दिलेली वाक्यं आहेत, आणि एक षड्ज.

* * *

असो. नातीला शेवटी जे लिहून पाठवलं ते तुमच्यासाठीही देते.

'सौभद्र'पासून सुरुवात कर. कुणाचंही, पण अख्खं. शिलेदारांच्या परंपरेतलं मिळालं तर फारच छान. चित्र धूसर असलं तरी चालेल. पहिल्या अंकात नारद-अर्जुनाचं बोलणं कापलेलं नाही ना आणि प्रेक्षक हसलेले ऐकू येतात ना, एवढं बघ. दोन्ही असेल तर तुझी डीव्हीडी चांगली.

'कट्यार'साठी आधी २०१५ चा सुबोध भाव्यांचा चित्रपट बघ. गोष्ट कळेल, डोळे दिपतील. पण त्यात ओठ सचिन पिळगावकरांचे आणि गळा राहुल देशपांड्यांचा, हे ध्यानात ठेव. मग डोळे मिटून राहुलच्या आजोबांची, वसंतरावांची जुनी रेकॉर्ड ऐक. २०१० पासून राहुलनंच ते नाटक रंगमंचावर पुन्हा केलं. त्याच्या प्रयोगाचं काही मिळालं तर तेही बघ. क्रम हाच ठेव. उलटा केलास तर चित्रपटावर अन्याय होईल.

'एकच प्याला' आधी वाच. पुस्तक हेच त्याचं सगळ्यांत चांगलं मुद्रण आहे. मग बालगंधर्वांची एखादी तबकडी लाव, आणि ती सिंधू हे कुणासमोर बसून गाते ते मनात आण. त्यानंतर २०११ चा 'बालगंधर्व' चित्रपट. त्यात गळा आनंद भाट्यांचा आहे. लोणचं आहे, पण मुरलेलं आहे.

'मानापमान'वरचा २०२५ चा चित्रपट नव्या चालींचा आहे. त्याला जुन्याशी ताडून बघू नकोस, नवा पदार्थ म्हणून चाखून बघ.

आणि इकडे आलीस की 'संगीत देवबाभळी'सारखं काही चालू आहे का ते पाहून माझ्याबरोबर नाट्यगृहात चल. २०१७ साली आलेलं ते नाटक, दोन बायका, बोलतात आणि गातात, आणि कुठे बोलणं संपून गाणं सुरू होतं ते कळत नाही. अण्णासाहेबांनी १८८० ला जे केलं ते आपल्याकडे अजून येतं, हे तिथे बसून कळतं.

शेवटी ती पंचेचाळीस मिनिटंही पाठवली. तुलनेत कुठे बसतील ते तूच ठरव म्हटलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "आजी, गाणाऱ्याचं फारसं ऐकू येत नाही गं. पण मागे कुजबुजतंय ते कोण? त्याला सगळं नाटक पाठ आहे."

"तो तुझ्या बाबांचा मामा," मी म्हटलं.

मंडळी, माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या खणात कॅसेट असतील तर आजच काढा. वर नाव, साल, गाव लिहा. त्या दोन पट्ट्या मोडा. आणि आवाज खराब आहे म्हणून फेकू नका. कोण कुठे कुजबुजत असेल, सांगता येत नाही.